आजीच्या बटव्याचे परीक्षण

दिवाळी अंकात पुस्तकांची परीक्षणे यावयाचीच. कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि नाटके यांची झडती वर्षातून एकदा तरी घेतली नाही, तर टीकाकारांना फराळ गोड लागत नाही. परंतु ज्या वाङ्मयाचे संस्कार आपणांवर अक्षरओळख होण्यापूर्वीच होतात, ज्याच्या आज्ञेवरून आपण काय खावे, केव्हा न्हावे आणि कोणत्या कुशीवर निजावे हे ठरते, त्याचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी बोलतो आहे ते घरोघरच्या आरोग्यवचनांविषयी. आजीबाईचा बटवा हे त्याचे लाडके नाव. लेखिका अज्ञात, आवृत्त्या असंख्य आणि शुद्धिपत्रक एकही नाही, असा हा ग्रंथ आहे.

निमित्त घरचेच घडले. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या रात्री माझ्या नातीने विझलेल्या फुलबाजीची तापलेली तार मुठीत धरली. पोर किंचाळली आणि सारे घर अंगणात धावले. अर्ध्या मिनिटात सहा सल्ले झाले. कोणी म्हणाले शाई लावा, कोणी टूथपेस्ट आणा म्हणाले, कोणी तूप, कोणी हळद, कोणी बटाट्याचा कीस. शेजारच्या काका बर्फ घेऊन आले. माझी सून काहीच बोलली नाही. तिने पोरीला उचलले, मोरीतल्या नळाखाली तिचा हात धरला आणि घड्याळाकडे पाहात वीस मिनिटे तशीच उभी राहिली. फोड आला, पण लहानसा आला. आणि आठवड्याभरात हात पूर्ववत झाला.

मी डॉक्टर नव्हे. भाषा शिकवण्यात आयुष्य गेले. तेव्हा या प्रसंगातून मला जे दिसले ते भाषेच्या अंगाने दिसले. सहाही सल्ल्यांत एकेका पदार्थाचे नाव होते. सुनेच्या करण्यात मोजमाप होते. वाहते साधे गार पाणी, बर्फ नव्हे, आणि वीस मिनिटे. भाजलेल्या कातडीखाली उष्णता काही काळ आपले काम चालूच ठेवते. पाण्याने ती काढून घ्यावयाची असते. तूप वा टूथपेस्ट ती काढून घेत नाही, वर थर मात्र बसतो, आणि पुढे डॉक्टरांना तो खरवडावा लागतो. बर्फाने तर आधीच दुखावलेली कातडी अधिक दुखावते. येथून माझ्या मनात विचार सुरू झाला की, कवितेची पारख करताना आपण जी हत्यारे वापरतो, त्यांनीच या वचनांची पारख करता येईल काय?

पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की आपल्या घरातील खोटी वचने बहुतेक उपमेवर जगतात. कावीळ झाली की डोळे पिवळे होतात, हळदही पिवळी, म्हणून काविळीच्या रोग्याला हळद बंद. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून अक्रोडाने बुद्धी वाढते. बीट लाल आणि रक्तही लाल, म्हणून बिटाने रक्त वाढते. मासे खाऊन वर दूध प्यायले तर अंगावर कोड उठते, या समजुतीच्या मुळाशीही दुधाचा आणि कोडाचा पांढरा रंगच असावा, अशी मला शंका आहे. कवितेत उपमा ही शोभा असते; औषधात ती पुरावा म्हणून उभी राहिली की घोटाळा होतो. काविळीचा पिवळेपणा येतो तो बिलिरुबिन नावाच्या द्रव्याचा. यकृताला ते बाहेर टाकता येईनासे झाले की ते रक्तात साठते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. कोडाचे कारण असे की, कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. माशांचे आणि दुधाचे त्यात काही जात नाही. बिटात लोह असते, पण बेताचेच. त्यापेक्षा बाळंतिणीच्या लाडवांतले आळीव पुष्कळ अधिक लोह पुरवतात, आणि त्यांचा रंग काही रक्तासारखा भडक नसतो. येथे बटव्याचीच एक गोष्ट बटव्याच्या दुसऱ्या गोष्टीवर मात करते. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, हेही खरेच. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागण्यास मदत होते आणि चहाने अडथळा येतो.

दिवाळीच्या दिवसांत हमखास ऐकू येणारे वचन म्हणजे, "गोड खाऊ नकोस, जंत होतील." हीही उपमाच. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात, तर पोटातल्या गोडाला जंत का लागू नयेत? वस्तुतः जंतांची अंडी विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून पोटात जातात. आकड्याचे जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. उपाय म्हणजे शौचालय, साबण, पायांत चपला आणि जंताची गोळी. २०१५ सालापासून आपल्याकडे शाळा-अंगणवाड्यांतून ही गोळी ठरलेल्या दिवशी देतात. गोडाने दात किडतात, हे मात्र निखालस खरे. म्हणजे आईचा निषेध योग्य होता, आरोप चुकीच्या आरोपीवर होता. आणि अनारशांच्या ताटाजवळ मधुमेही मंडळी ज्या समाधानाने म्हणतात, "साखर नको, गुळाचे चालेल," त्यांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, गुळाचा मोठा भाग म्हणजे साखरच होय. रंग सावळा आणि गंध खमंग असला म्हणून रक्त फसत नाही.

दुसरी परीक्षा योगायोगाची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे; पण औषधाच्या वेळी ती कोणाला आठवत नाही. काविळीवर गावोगाव माळ बांधतात. वनस्पतीच्या बारीक काड्या दोऱ्यात ओवलेली ती माळ दिवसेंदिवस लांब होत जाते, आणि जसजशी ती लांबते तसतशी कावीळ उतरते असे सांगतात. ओल्या काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि माळ खाली ओघळते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळ रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. जे दुखणे आपल्या पायांनी निघून जाणार, त्याच्या दाराशी जो उभा असेल त्याला त्याच्या जाण्याचे श्रेय मिळते. पण सगळ्याच काविळी अशा नसतात. पित्तमार्गात खडा अडकलेला असतो, यकृत आतून निकामी होत असते. तेव्हा माळ लांबत राहते आणि माणूस जातो.

सापाचे आणि विंचवाचे तेच. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाच्या खात्यावर यशे जमा होत जातात आणि अपयशे नशिबाच्या खात्यावर मांडली जातात. कोकणात लाल विंचवाने कितीएक मुले नेली. विंचवाची कळ मंत्राने उतरते असा लौकिक होता, कारण कळ काही तासांनी उतरतेच; मारत होते ते हृदयावर आणि फुप्फुसांवर होणारे विषाचे परिणाम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हे रोगी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले आणि १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यांवर वापरले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मांत्रिकही रोग्याजवळ बसत होता, हेही बसत होते. फरक इतकाच की, यांनी बरे झालेले आणि गेलेले दोन्ही मोजले.

आता, बटव्यातले सारेच खोटे, असा निकाल देणारा टीकाकार मला पहिल्या प्रतीचा आळशी वाटतो. पुष्कळ वचने अशी आहेत की, त्यांचे कारण चुकले आहे पण कृती बरोबर आहे. घरात गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत, पाहुण्याला उंबऱ्याबाहेरूनच परत धाडीत, रोग्याची खोली वेगळी करीत. कारण काय, तर देवी आली आहे, तिला विटाळ खपत नाही. कारण सोडून द्या. कृतीचे आजचे नाव विलगीकरण. खुद्द देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. हे मात्र डहाळ्याने झाले नाही. दारोदार हिंडून लस टोचणाऱ्यांनी आणि रोगी हुडकून काढणाऱ्यांनी ते केले. आणि त्याच प्रथेची दुसरी बाजू पाहा: फोडणी बंद, धड जेवण बंद, औषध बंद; का, तर देवी कोपेल. गोवरात मुलाच्या अंगातले अ जीवनसत्त्व आधीच खालावते. त्यात उपास घडला की डोळ्यांवर आणि जिवावर बेतते. एकाच रूढीत अर्धे शहाणपण आणि अर्धा घात असा शेजारी शेजारी नांदतो. म्हणून वचनाचा निकाल एकगठ्ठा लावता येत नाही. ते ओळीओळीने वाचावे लागते.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे, ते आता सांगतो.

१९६१ सालचा पावसाळा. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, आणि मी नऊ वर्षांचा. धाकटी आत्या पहिलटकरीण होऊन माहेरी आलेली, ती अजून सासरी परतली नव्हती. तिचा मुलगा आठ महिन्यांचा, गुटगुटीत. त्याचे पोट सुटले. आजी म्हणाली, "दात येताहेत, पोट सुटायचेच." दात येताना जुलाब होतात हे त्या घरात सूर्योदयासारखे निश्चित होते. खरे तर त्याच वयात मूल रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि वरचे अन्न खाऊ लागते. जुलाब होतात ते त्यातून. दातांचा दोष एवढाच की ते त्याच सुमारास उगवतात. पुन्हा कावळा आणि फांदी.

दुसऱ्या दिवशी आजीने पाणी बंद केले. "वरून घालाल तितके खालून जाईल." हे वाक्य मला आजही तिच्या आवाजात ऐकू येते. ऐकायला किती सरळ आहे पाहा! गळक्या घागरीत पाणी ओतू नये, इतके सरळ. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, टाळू आत बसली. टाळू बसली म्हणून आजीने कोमट खोबरेल तेलाने ती भरली, पुन्हा भरली. आत्या मांडीवर मूल घेऊन बसली होती आणि तेल त्याच्या कपाळावरून ओघळत होते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले. पखालीतले पाणीच त्या जिवाला हवे होते. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

त्या चारही दिवशी आमच्या चुलीवर पेज होती. शेतावर लावणी चालू होती. गड्यांना मीठ घातलेली भाताची पेज तांब्या तांब्या जात होती. आजीच वाढीत होती. दिवसभर चिखलात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ भरून काढावयाचे असते हे तिला ठाऊक होते. औषध त्याच घरात, त्याच हातांत होते. मधे आडवे आले ते एक वाक्य.

दहा वर्षांनी, १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आप्तांनाच ते पाजावयास लावले. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या खाली आले. आतड्याची गंमत अशी की, जुलाबातही साखर आपल्या हाताला धरून मिठाला आत नेते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी जाते. घागर गळकी असली तरी ती भरता येते. पेजेत साखरेचे काम पिष्ट करते. घरी करावयाचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. त्याहून मीठ अधिक नको. पाकीट मिळाले तर उत्तमच. अंगावरचे दूध चालू ठेवावे, जेवणही चालू ठेवावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्या. मूल मलूल झाले, पिणे सोडले किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

पुढे कधीतरी, १९८५ च्या आसपास, आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई ती पाकिटे घेऊन आमच्या गावात आल्या. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. बाईंनी तांब्यात पाकीट कालवून दाखवले. आजीने चमचाभर चाखले आणि म्हणाली, "बाई, ही तर आपली पेजच की. नुसती साखर जास्ती." मग बराच वेळ ती तांब्याकडे पाहात राहिली. त्यानंतर आमच्या वाडीत कोणाचेही मूल जुलाबाने आजारी आहे असे कळले की, ती काठी टेकीत पाकीट घेऊन जाई. आत्याच्या मुलाचे नाव तिने माझ्यासमोर पुन्हा कधी काढले नाही. आपल्याच ग्रंथाचे शुद्धिपत्रक काढणारी एक लेखिका मी पाहिली ती अशी.

काही वचने आणखी वेगळ्या जातीची असतात: ती एकेकाळी खरी होती. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही दहशत अजून घरोघर आहे, आणि तिच्यापायी लोक जखमेवर मिरचीची पूड भरून स्वस्थ बसतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात, चार किंवा पाच वेळा टोचतात. जखम खोल असेल तर जखमेत निराळे औषधही देतात. त्याआधी साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे जखम धुवावयाची. पुन्हा पाहा: पाणी आणि मोजमाप. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून येथे जुन्या आवृत्तीचे वाचन प्राणघातक आहे.

आज बटवा कमरेला नसतो, मोबाइलमध्ये असतो. सकाळी उठावे तो कोणीतरी लिंबाने कर्करोग बरा केलेला असतो. पूर्वी वचन चुकले तर चूक एका वाड्यापुरती राही, आणि सांगणारी आजी निदान रात्रभर उशाशी बसे. आता सांगणाऱ्याला आपले नावही ठाऊक नसते. तथापि नव्या वचनांचीही तऱ्हा तीच, उपमा आणि योगायोग. वर एखाद्या डॉक्टरांची सही तेवढी चिकटवलेली. कारल्याचा रस पिण्याला माझी हरकत नाही. रस सुरू केला म्हणून मधुमेहाची गोळी बंद केली, त्याला आहे. घरगुती उपाय सोबतीला आला तर पाहुणा. औषधाच्या जागी बसला तर घुसखोर.

शेवटी, या वाङ्मयाच्या वाचकाने प्रत्येक वचनाला चार प्रश्न विचारावे असे मला वाटते. हे सांगणारा केवळ सारखेपणा दाखवतो आहे काय? दुखणे आपोआपच बरे होणारे होते काय? किती, कोणाला आणि केव्हापर्यंत हे त्यात सांगितले आहे काय? आणि वचन चुकीचे निघाले तर किंमत कोण देणार? मधाचेच उदाहरण घ्या. मोठ्या मुलाला रात्री खोकल्यावर चमचाभर मध दिला तर आराम पडतो, हे डॉक्टरही मान्य करतात. तोच मध नवजात बाळाच्या जिभेवर सोन्याच्या वळ्याने लावण्याची चाल आहे; आणि वर्षाच्या आतील बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाचा दुर्मीळ पण भयंकर रोग होऊ शकतो. पदार्थ एकच, शब्द तेच. वय बदलले की वचन खरे वा खोटे ठरते. चौथा प्रश्न तर मला सर्वांत मोठा वाटतो. केळ्याने सर्दी होत नसताना केळे सोडले, तर आपण केवळ एका केळ्याला मुकतो. तान्ह्या मुलाचे पाणी तोडले, तर ज्याला बोलताही येत नाही त्याला ती किंमत द्यावी लागते.

यंदाच्या दिवाळीत आमच्या देवघराशेजारच्या फडताळात मी एक डबा ठेवला आहे. त्यात मीठ-साखरेची चार पाकिटे, साबणाची वडी, ताप पाहण्याची नळी आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता लिहिलेला कागद आहे. त्याच्याच शेजारी आजीचा जुना कापडी बटवा आहे. त्यात सुंठ, ओवा, वेखंड अजून आहे. सुंठीचा काढा मी पितो आणि त्याने घशाला बरे वाटते. दोन्ही वस्तू एकाच फडताळात सुखाने राहतात. फटाके उडवताना पाण्याची बादली मात्र आधीपासून भरून अंगणात ठेवली आहे. ती शोधण्यात वेळ जाऊ नये.